दुसरी मेणबत्ती

सेरेनाला वेड लागलं होतं एका इंग्रजी कादंबरीमालिकेचं. डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजात येणारी रसिका एकेक भाग आणून द्यायची आणि सेरेना तो अकाउंट्सच्या पुस्तकाआड धरून संपवायची. नायक मेलेला, पण दिसायला असा की जिवंत मुलांनी शरमून घरी बसावं. नायिका दर रविवारी त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायची. प्रत्येक भागाच्या शेवटी तो तिला म्हणायचा, "थांब, मी आलोच." एवढ्यावर आमची सेरेना आठवडाभर हवेत.

आता नुसतं वाचून गप्प बसेल ती सेरेना कसली! वसईहून तिच्या घरचे घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहायला आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. टॉवरमागे जुनं गाव, गावात चर्च, चर्चमागे दफनभूमी. तिथे तिने एक कबर पसंत केली. रॉड्नी, वय एकोणीस, जाऊन दोन वर्षं झालेली. दगडावर हसरा फोटो आणि भोवती गुडघाभर गवत. कोणी येत नाही, म्हणजे हा आपलाच, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. दर रविवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, ती तिथे मेणबत्ती लावायची, आणि खोटं कशाला बोला, तिला भारी मजा यायची.

पाचव्या रविवारी गेली तर कबरीवर आधीच एक मेणबत्ती जळत होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

सेरेना दोन पावलं मागे सरकली. पाचव्या भागात हेच घडलं होतं. मेलेला नायक दुसरी मेणबत्ती लावून उत्तर देतो, आणि त्यानंतरच्या रविवारी येऊन नायिकेचा हात धरतो. ती परत घरी येत नाही. सहावा भाग तर अजून छापूनही आला नव्हता.

"रिप्लाय आला यार!" रसिका फोनवर किंचाळली. तिला डोंबिवलीत बसून किंचाळायला काय जातंय!

"गप गं. मी नाही जाणार परत तिकडे."

"अगं, पण नाही गेलीस तर घरी येईन, असं तो पुस्तकात म्हणतो ना? विसरलीस?"

तो आठवडाभर सेरेना ताटावरून अर्धवट उठायची. दाराची बेल वाजली तरी ती दचकायची. आई विचारून थकली, पण सांगणार काय? की मी एका मेलेल्या मुलाला बोलावून बसले? शेवटी तो घरी यायच्या आत आपणच जाऊन माफी मागावी, म्हणून रविवारी ती गेली.

गवत कापलेलं होतं. मेणबत्ती जळत होती. सेरेना गुडघे टेकून पुटपुटली, "सॉरी, मी नुसतं खेळत होते." तेवढ्यात मागून एका गार हाताने तिचं मनगट धरलं.

तिने गर्रकन मान वळवली. मागे काळ्या कपड्यांतली एक बाई उभी होती.

"घाबरू नको गो. मी गर्ट्रूड, रॉड्नीची आई. तो गेल्यापासून इथे यायला माझे पायच धजत नव्हते. मग कुणीतरी बोललं, एक पोरगी मेणबत्ती लावते. मागच्या रविवारी झाडामागून बघितलं तुला. वाटलं, समोर आले तर पळून जाशील." तिचा आवाज फाटला. "त्या दिवशी तो कुणालातरी भेटायला बाइक घेऊन निघालेला. ती तूच ना? शेवटचं काय बोलला तुला?"

नाही म्हणायचं होतं सेरेनाला. पण त्या डोळ्यांकडे बघितलं आणि डोक्यात होतं तेच तोंडातून निसटलं.

"थांब, मी आलोच."

गर्ट्रूड मटकन कबरीच्या कडेवर बसली.

"मला पण हेच बोलून गेलेला," ती म्हणाली. "दारातून."

आता खरं सांगायची वेळ निघून गेली, हे सेरेनाला कळलं, आणि भुताला घाबरली होती त्यापेक्षा ती जास्त घाबरली. गर्ट्रूडने डोळे पुसले, मनगट मात्र सोडलं नाही.

"चल, घरी चल. त्याची खोली तशीच ठेवलीय, तुला दाखवते."

हात घट्ट धरून ती फाटकाकडे निघाली, आणि सेरेना तिच्या मागोमाग चालत राहिली.