वस्तादाची फुंकर

बचतबाई फळ्यावर साठत जाणाऱ्या पैशांची रेघ काढायची तेव्हा ती रेघ सुरुवातीला अगदी जमिनीलगत सरपटायची. बघणाऱ्याला वाटायचं, ही काय उठतेय. मग मध्ये जरा मान वर करायची आणि शेवटी एकदम फळ्याची चौकट ओलांडून भिंतीवर चढायची. खडू भिंतीवर टेकवून बाई मागे वळायची आणि सगळ्यांना विचारायची, कमाई कुठे झाली सांगा. समोरचे कामगार म्हणायचे, शेवटी. बाई म्हणायची, बरोबर, म्हणून मध्येच उठून पैसे काढणाऱ्याने आपल्याच पानातलं दुसऱ्याला वाढलं असं समजायचं. पैसे ठेवा आणि विसरून जा.

तिचं खरं नाव कामगारांना ठाऊक नव्हतं, त्यांना गरजही नव्हती. एका संस्थेतर्फे ती कारखाने, गोदामं, शिवणाचे हॉल असं करत हिंडायची आणि पगार हातात पडल्याबरोबर उडवणाऱ्या माणसांना म्हातारपणाची तजवीज शिकवायची. कानीकपाळी ओरडून घसा बसायचा, पण शिकवायची मात्र पोटतिडकीने. कमिशन घेऊन योजना गळ्यात मारणाऱ्यांतली ती नव्हती, एवढं तिच्या बाजूने आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्यावर राग येईल.

रेघ भिंतीवर चढली की आपल्या दादाला योजनेत कसं बसवलं, ती गोष्ट बाई सांगायची. हा थोरला भाऊ दगडाच्या लाद्यांना पॉलिश करणाऱ्या शेडमध्ये होता. हात इतका सैल की कुणी रडका चेहरा करून आलं की याचा खिसा मोकळा. बाईने त्याला धरून योजनेत बसवलं. योजना दोन होत्या. एक उघडी, हवे तेव्हा पैसे काढा. दुसरी बंद, साठी झाल्याशिवाय हात लावता येणार नाही, पण फळ जास्त. दादाला विचारलंही नाही तिने. हा उघडी घेईल तर वर्षभरात अख्ख्या शेडची लग्नं लावून मोकळा होईल, असं म्हणून तिने बंदवर खूण केली. दादा हसला आणि म्हणाला, तू म्हणशील तसं. तिने स्वतःचेही सगळे पैसे त्याच कुलपात टाकले होते, म्हणजे दुसऱ्याला सांगायचं आणि आपण वेगळं करायचं असलं तिचं नव्हतं.

दादाला शेडमध्ये वस्ताद म्हणायचे. तिथली रीत अशी होती की लादी घासून झाली की तोंडावरचं फडकं खाली ओढून वस्तादाने तिच्यावर एक फुंकर मारायची. एकच. त्या एका फुंकरीत या टोकापासून त्या टोकापर्यंतची धूळ उडाली आणि खालच्या चकाकीत वस्तादाचं तोंड दिसलं, की लादी पास. कपड्याने पुसलेली लादी खपवून घेतली जात नसे, कारण कपडा म्हणे ओरखडे झाकतो. दोन फुंकरी लागल्या तर पोरं हसायची. दादाला दुसरी कधी लागली नव्हती. फुंकर मारून वर आला की तो दगडाच्या पिठाने पांढरा झालेला असायचा, भुवयांसकट, आणि आनंदात असायचा.

मग खोकला लागला. आधी सकाळचा, मग जिना चढतानाचा. वहिनी रात्र रात्र त्याच्या पाठीवर हात फिरवत बसायची. डॉक्टरने फोटो काढून सांगितलं की छातीत धूळ बसायला लागली आहे. बसलेली निघणार नाही, पण आज काम सोडलंत तर आहे तेवढ्यावर पुष्कळ वर्षं निघतील. नाही सोडलंत तर मी काही बोलत नाही, असं म्हणून त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

सोडायचं कशाच्या जोरावर, हा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर होतं. गल्लीच्या तोंडाशी एक गाळा रिकामा झाला होता. वहिनीच्या हाताला इस्त्रीची सफाई होती, घरी कपडे यायचेच. गाळा घ्यायचा, दोघांनी मिळून इस्त्रीचं दुकान चालवायचं. डिपॉझिटला लागतील त्याच्या दुप्पट पैसे दादाच्या नावावर पडून होते. बाई म्हणाली, मी बाहेरून उसने आणते. दादा म्हणाला, कर्ज काढू नका म्हणून तूच सांगत फिरतेस ना, आपले असताना लोकांचे कशाला. गाळेवाला भला होता, महिनाभर थांबतो म्हणाला.

बहीणभाऊ दोघं योजनेच्या ऑफिसात गेली. तिथला कारकून बाईला ओळखत होता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, नियम सांगितला. साठीआधी पैसे मिळतात, नाही असं नाही. माणूस कामातून कायमचा गेला असेल तर मिळतात. तशी तपासणी वरच्या मजल्यावरच होते, एका नळीत फुंकायचं असतं, यंत्र आकडा दाखवतं, आकडा ठरलेल्या रेषेखाली आला की झालं. बाईने विचारलं की कामातून जाऊ नये म्हणून पैसे हवे असतील तर? कारकून म्हणाला, तशी तरतूद नाही, ताई.

हा नियम तिला माहीत नव्हता असं नाही. शिकवताना ती तो एका वाक्यात सांगायची, आणि रेघेकडे वळायची.

जिन्यात तिने दादाचा हात धरला. त्याला नीट समजावलं की हळू फुंक, खोकला येतोच आहे तर येऊ दे, लबाडी नाही ही, तुझेच पैसे आहेत. दादाने मान डोलावली. वर एक मुलगी नळी घेऊन उभी होती. बाकावर आणखी काही माणसं आपापल्या पाळीची वाट बघत होती. मुलगी म्हणाली, काका, छाती भरून घ्या आणि आहे तेवढा सगळा दम लावून एकदाच फुंका.

एकदाच, हा शब्द त्याने ऐकला आणि संपलं. बाईने बघितलं, त्याने पाय जरा फाकवले, खांदे खाली घेतले, शेडमध्ये घ्यायचा तसे. आणि जी काय फुंकर मारली. यंत्राचा काटा रेषा ओलांडून वर जाऊन थरथरत राहिला. बाकावरच्या एकाने वा म्हटलं. मुलगी कौतुकाने म्हणाली, काका, अजून चांगला दम आहे की तुमच्यात. दादाचा चेहरा उजळला. मग त्याची नजर बहिणीकडे गेली, आणि त्याला असा खोकला आला की खाली बसावं लागलं. पण आकडा लागून गेला होता. पुढची तपासणी वर्षाने.

रस्त्यात बाई त्याच्या दोन पावलं पुढे चालत राहिली. तिला इतका राग आला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. घराच्या दारात आल्यावर तिने विचारलंच, का केलंस असं?

तो म्हणाला, "नळी तोंडाशी आली आणि समोर मला लादी दिसली. लोक बघत होते. दुसऱ्यांदा फुंकायची वेळ येऊ नये एवढंच डोक्यात होतं."

चांगलं काम करायची सवय लागलेल्या माणसाला वाईट कर म्हणून सांगायला एक जिना पुरत नाही. वहिनी आतून म्हणाली, जेवून घ्या दोघं, आणि पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. गाळा दुसऱ्या कुणी घेतला.

दादा शेडमध्ये परत गेला. घरात दुसरी कमाई नव्हती. बाईने मालकाला गाठून त्याला दुसरं काम देण्याबद्दल विनवलं. मालक गोड बोलला, वस्ताद उठला तर लाद्या पास कोण करणार म्हणाला, आणि चहा पाजून त्याने तिला वाटेला लावलं. त्या वर्षात दादाची फुंकर लादीच्या मध्यापर्यंत पोहोचेनाशी झाली. पोरं हसली नाहीत. तो वळला की त्यांच्यापैकी कुणीतरी गुपचूप कपडा फिरवायचं, आणि त्याला ते कळायचं.

वर्षाने दोघं पुन्हा तो जिना चढली. या वेळी वर पोहोचायलाच इतका वेळ लागला की पाळी दुसऱ्याला द्यावी लागली. बाई काही शिकवायच्या भानगडीत पडली नाही. दादाने पाय फाकवले, खांदे खाली घेतले, सगळा दम लावला. काटा जागचा हलला न हलल्यासारखा. मुलीने आकडा वाचला आणि म्हणाली, बसलं, नियमात बसलं.

बाईचा जीव भांड्यात पडला. अगदी खरंच पडला, तिने मोठ्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या श्वासाचा आवाज ऐकून तिला स्वतःचीच शिसारी आली. दादा भिंतीला धरून उभा होता. त्याने तिच्याकडे बघून विचारलं, "झालं का गं मनासारखं?" त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं.

पैसे आले, एक पैही कमी न होता आले. गल्लीच्या आत एक अंधारा गाळा मिळाला. वहिनी इस्त्री करते, दादा दाराशी खुर्चीत बसून घड्या घालतो, वाफेने कोंडल्यासारखं झालं की बाहेर सरकतो. परवा बाई गेली तेव्हा तो कुणाच्या तरी काळ्या कोटावर वाकला होता. कोटावर कापसाचा एक पुंजका होता. त्याने सवयीने ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. पुंजका तिथेच राहिला. मग त्याने तो बोटाने उचलला आणि म्हणाला, पैसे उपयोगी पडले हं, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

तिथून ती थेट दादाच्याच जुन्या शेडमध्ये गेली, त्या दिवशी तिचा वर्ग तिथे होता. तिने रेघ काढलीच नाही. खडू हातात धरून ती म्हणाली, उघडी योजना घ्या, फळ कमी मिळालं तरी चालेल, पैसे हाताशी असू द्या. आणि फडक्याबद्दल बोलली, धुळीबद्दल बोलली, साठीबद्दल बोलायला गेली आणि समोर बघितलं, तर साठीचं सोडा, पन्नाशीचंही तिथे कुणी नव्हतं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं ही बाई बंद बंद म्हणून डोकं खात होती, आज हिला काय झालं? नवा वस्ताद, तिशीतला, पुढेच बसला होता. त्याने तिची समजूत घालावी तसं सांगितलं, "ताई, उघडी घेतली तर आमच्या हातात राहणार आहे होय? आम्ही बंदच घेतो. तुमच्या दादांनी तीच घेतली होती, आणि त्यांना तर साठीच्या आधीच सगळे मिळाले."

मागून कुणीतरी म्हणालं, नशीबवान माणूस. बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईने तोंड उघडलं, पण तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मशीनं सुरू झाली. नव्या वस्तादाने उठता उठता बंदवर खूण केली, कागद तिच्या हातात दिला, आणि जाऊन तोंडावरचं फडकं खाली ओढून लादीवर वाकला.