मौन सोडण्याची घंटा

गोटीराम चादरी वाटत होता. शिबिराचा पहिला दिवस म्हणजे त्याच्या हिशेबी लग्नसराईतली एसटी; सगळ्यांना एकदमच आत शिरायचं असतं. एक चादर, एक कांबळं, एक उशी आणि प्रत्येकाला तीच वाक्यं. मोबाइल खिडकीपाशी जमा करा, संध्याकाळी घंटा झाली की दहा दिवसांचं मौन सुरू, नंतर काही लागलंच तर फक्त मला हळूच सांगा. मान खाली घालून तो हे म्हणत होता, तेवढ्यात एक हात पुढे आला. उन्हाने रापलेला, करंगळीचं एक पेर कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेला. गोटीरामने त्या हातावर चादर ठेवली खरी, पण स्वतःचा हात काढून घ्यायचं त्याला सुचलं नाही. तो हात त्याच्या थोरल्या भावाचा, कारभारीचा होता.

कारभारीने वर पाहिलं. गोटीराम इथे असतो हे त्यालाही ठाऊक नसावं, कारण त्याचे डोळे क्षणभर मोठे झाले. मग त्याने चादर ओढून घेतली, कांबळं स्वतःच उचललं आणि पुरुषांच्या खोल्यांकडे चालू लागला. गोटीराम त्याच्या पाठीकडे बघत राहिला. रांगेतला पुढचा माणूस बिचारा सूचना ऐकायला कान देऊन उभा होता.

कारभारीची मुलगी सायली मागे फाटकाशी उभी होती. ती पिंपळगावच्या शाळेत शिकवायची आणि मागच्या वर्षी स्वतः या केंद्रात राहून गेली होती, त्यामुळे काका इथे असतात हे तिला माहीत होतं. तिने वडिलांना मात्र सांगितलं नव्हतं. थंडीत आई गेली तेव्हापासून अण्णांनी बोलणंच टाकलंय, ती म्हणाली. जेवण अर्ध्यावर सोडतात, ओट्यावर बसून राहतात.

"घरी जो तो म्हणतो, अण्णा बोला, अण्णा बोला. इथे निदान कोणी म्हणणार नाही, म्हणून आणलं," ती म्हणाली. "काका, तुम्ही नुसतं लक्ष ठेवा. बोला म्हटलं तरी तुम्ही बोलणार नाहीच म्हणा."

टोमणा होता, पण पोरगी रडायच्या बेतात होती. गोटीरामने तिला चहा पाजला आणि पिंपळगावच्या गाडीत बसवून दिलं.

नाशिकहून दिंडोरीकडे जाताना डाव्या हाताला जो बोडका डोंगर लागतो, त्याच्या कुशीत हे मैत्री साधना केंद्र. वर ध्यानाची खोली, राहण्याच्या चाळी, स्वयंपाकघर. खाली पायथ्याला सुरगाण्याकडच्या मुलींचं वसतिगृह आणि वस्तीतल्या बायकांचा शिवणवर्ग. सगळं दानावर चालणारं. आणि हे सगळं प्रत्यक्षात चालवणारा माणूस गोटीराम. पाण्याचा टँकर आला नाही, गोटीराम. वसतिगृहातल्या पोरीला ताप आला, गोटीराम. ध्यानाला बसलेल्या साहेबाच्या खोलीत सरडा निघाला, तरी गोटीरामच. उभं आयुष्य एसटीत कंडक्टरकी केलेल्या या माणसाला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. घरात मिनिटभर तोंड मिटत नाही आणि चाललाय मौनाची व्यवस्था बघायला, असं त्याची बायको नाशिकरोडच्या सगळ्या शेजारणींना सांगत असे. घंटेची दोरी तेवढी आयुष्यभर हातात होती, म्हणून केंद्राचे प्रमुख भिक्खू असलेल्या भंतेजींनी तिथली घंटाही त्याच्याकडे दिली. थायलंडच्या कुणा उपासकाने दिलेली ती पितळी घंटा लिंबाच्या झाडाखाली टांगलेली होती आणि लाकडी मोगरीने ती वाजवण्याचा मान फक्त गोटीरामचा.

अशा बोलघेवड्या माणसाचा सख्ख्या भावाशी अबोला होता. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. या दोघांची आई गेली त्या दिवशी गोटीराम धुळ्याच्या पुढे मुक्कामी गाडीवर होता. निरोप डेपोतून डेपोत फिरत त्याच्यापर्यंत पोचला आणि दुसऱ्या दिवशी तो गावात उतरला तेव्हा राख गार झाली होती. आई काय तुझ्या एकट्याची होती, असं त्याने चारचौघांत भावाला विचारलं. माझ्यासाठी थांबला नाहीस, आता कधीच थांबू नकोस, असंही म्हणाला. कारभारीने उत्तर दिलं नाही. तिथून जे तोंड मिटलं ते मिटलं. अबोल्याचे सगळे रीतिरिवाज दोघांनी पाळले. लग्नकार्यात समोरासमोर बसले तरी बोलणं भिंतीशी. "त्याला म्हणावं, भाजी घे." "त्याला म्हणावं, पोट भरलंय." मधल्या माणसाची मात्र मान दुखून यायची.

आणि आता तोच भाऊ समोर, आणि भंतेजींच्या नियमाने गरजेपलीकडे एकमेकांशी बोलायची दोघांनाही बंदी. गोटीरामला पहिल्या दिवशी धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटतंय. इथे कोणीच कोणाशी बोलत नव्हतं. बँकेतला माणूस डॉक्टरशी बोलत नव्हता, डॉक्टर शेजारच्या पोरसवदा इंजिनिअरशी बोलत नव्हता. त्या सगळ्यांत कारभारी गोटीरामशी बोलत नाही हे कुणाच्या नजरेतही येत नव्हतं. ताटात वरण वाढताना दोघांच्या मधे भिंत नव्हती की निरोप्या नव्हता. वाढणारा वाढायचा आणि पुरे झालं की समोरचा हात आडवा धरायचा.

तो हात फार लवकर आडवा व्हायचा. हे पाहून गोटीराम स्वयंपाकघरात लंकाबाईकडे गेला. केंद्राची चूल तिच्या ताब्यात होती आणि भंतेजीसुद्धा तिला विचारून चहा मागत. भावाला हुलग्याचं पिठलं आवडतं, बाजरीची भाकरी बरोबर असली तर, असं त्याने घाबरत सांगितलं.

"एकाला येगळं केलं का बाकीचे माना वर करत्याल," लंकाबाई म्हणाली. "ध्यान राहील बाजूला."

मग तिने सगळ्यांनाच हुलग्याचं पिठलं केलं. डॉक्टरसाहेब ताटाकडे जरा संशयाने बघत राहिले. कारभारीने पहिला घास घेतला, थांबला आणि मग खाली मान घालून जेवला. शेवटी भाकरीच्या तुकड्याने त्याने ताट पुसून घेतलं, आईसमोर पुसायचा तसं. गोटीराम वरणाची बादली घेऊन खांबामागे उभा होता. त्याला इतका आनंद झाला की त्याने खांबालाच दोनदा थोपटलं.

गुडघ्याचंही तसंच. कारभारीला मांडी घालून बसवत नव्हतं, तो एक पाय लांब करून अवघडून बसायचा. ध्यानाची आसनं खालच्या शिवणवर्गात शिवली जात आणि तो वर्ग शकीला चालवायची. मूळची येवल्याची, हातमागाच्या घरातली. टाका घालताना बोलली नाही तर तिला चुकल्यासारखं वाटे. गोटीरामने हाताने उंची दाखवली.

"किसके वास्ते एवढं ऊंचा?" तिने विचारलं.

"हाय एक शिबिरार्थी. गुडघा धरतो त्याचा."

"शिबिरार्थ्यासाठी तुम्ही खुद उतरून आले डोंगर?" तिने मशीन थांबवलं. "सगा भाई हाय ना तुमचा? लंकाबाईने बताया. मग काथ्या भरते आतमध्ये, बसला तरी दबणार नाय."

सगळे जेवायला गेले असताना गोटीरामने ते आसन कारभारीच्या जागेवर नेऊन ठेवलं. दुसऱ्या सकाळी दाराच्या फटीतून पाहिलं तर भाऊ ताठ बसला होता. डोळे मिटलेले, हात मांडीवर, तुटक्या करंगळीसकट. म्हातारा झाला हा, असं गोटीरामच्या मनात आलं आणि त्याला भडभडून आलं.

वरच्या चुलीवरच वसतिगृहाचंही जेवण व्हायचं. दुपारी खिचडीचं मोठं पातेलं गोटीराम आणि केंद्राचा माळी दोघं दोन कड्यांना धरून उतारावरून खाली नेत. एक दिवस माळी आला नाही. गोटीराम पातेल्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभा होता, तर पलीकडचं कडं कुणीतरी धरलं. शिबिरार्थ्याने काम करायचं नाही असा नियम. गोटीरामने मान हलवून नको म्हटलं. कारभारीने पातेलं आपल्या बाजूने उचललंच, मग दुसऱ्याला उचलावंच लागलं. दोघं उतरले. लहानपणी विहिरीवरून काठीला घागर अडकवून दोघं पाणी आणायचे, तेव्हाची चाल अजून पायात होती. एकाचा डावा तर दुसऱ्याचाही डावा, आणि खिचडी काठाशीसुद्धा हलली नाही. भंतेजी वाटेत भेटले. त्यांनी नियम मोडलेला पाहिला आणि लिंबाच्या झाडाकडे बघू लागले. माळी दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा गोटीरामला त्याचा थोडा रागच आला.

असा दहावा दिवस उजाडला. सकाळचं ध्यान संपलं की मंगल गाथा व्हायच्या, लोक बाहेर पडायचे आणि गोटीराम घंटा वाजवायचा. तिसऱ्या टोल्याला मौन सुटायचं. एरवी हा त्याचा सगळ्यात लाडका क्षण. इतके दिवस मुकी असलेली माणसं अशी काही बोलत सुटायची की डेपोत उभं असल्यासारखं वाटे.

आज तो मोगरी हातात घेऊन घंटेसमोर उभा राहिला आणि उभाच राहिला. माणसं बाहेर आली, झाडांखाली थांबली. कोणी बोललं नाही, कारण घंटा झाली नव्हती. चार पावलांवर कारभारी पायरीला टेकून उभा होता. गोटीरामला दिसत होतं पुढे काय होणार ते. घंटा वाजेल. अंगणभर तोंडं उघडतील आणि दोन तोंडं तेवढी मिटलेली राहतील. मग सायली येईल, आणि कारभारी तिला म्हणेल, त्याला म्हणावं, येतो. जे दहा दिवस मौन होतं ते त्या तिसऱ्या टोल्याबरोबर पुन्हा अबोला होईल. त्यापेक्षा न वाजवलेली बरी.

लंकाबाई हातात झारा घेऊन दारात आली, त्याच्याकडे बघून आत गेली. बँकेतला माणूस घसा खाकरून पुन्हा गप्प झाला. शेवटी भंतेजी येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

"गोटीरामजी, मोगरी जड झाली का?"

"नाही भंते." त्याने आवाज खाली आणला. "वाजवली का भाऊ पुन्हा परका होईल. दहा दिवस माझा होता."

बोध करायची ही चांगली संधी होती, पण भंतेजींनी ती सोडली आणि बाजूच्या दगडावर बसून घेतलं. मग सगळं अंगणच वाट पाहू लागलं. गोटीरामला रडू फुटायच्या बेतात होतं आणि मोगरीचा दांडा घामाने निसरडा झाला होता.

कारभारी पायरीवरून उठला. गुडघा धरत चार पावलं आला. आणि ज्या माणसाने थंडीपासून घरात शब्द काढला नव्हता, त्याने घंटा व्हायच्या आधीच, सगळ्यांच्या देखत नियम मोडला.

"गोट्या," तो म्हणाला, "वाजव. लोक उपाशी हायेत."

"त्याला म्हणावं" नाही. भिंतीला नाही. गोट्या. आई गेल्यावर या नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस उरला होता आणि त्याने तोंड मिटून घेतलं होतं. गोटीरामने घंटा वाजवली. टोले तीन पडले की चार, ते त्याला कळलं नाही. कोणी मोजतही नव्हतं. अंगणात एकदम कालवा झाला, डॉक्टर आणि बँकवाले गळ्यात गळे घालून बोलू लागले, आणि केंद्रातला सगळ्यात बोलका माणूस मोगरी छातीशी धरून उभा राहिला.

दुपारी माळी आला होता. गोटीरामने त्याला टाकी धुवायला पाठवलं. पातेल्याची दोन कडी दोघा भावांनी धरली आणि ते उताराला लागले. खाली मुलींच्या ताटल्यांचा आवाज येत होता. मग कारभारी समोर बघतच बोलू लागला, अडखळत, बरेच दिवस बंद असलेली मोटर आधी नुसती हवा ओढते तसा.

"त्या दिवशी मी फाट्यावर उभा व्हतो. लोकं म्हणू राहिले, उन्हाळा हाय, उरका. मी म्हणलं, गोट्या येईल गाडीनं. दोन गाड्या पाह्यल्या. दुसरी थांबलीच नाय. मी हात केला, तरी थांबली नाय. मंग आलो घरी."

"मला कधी सांगितलं नाहीस, दादा."

"तू इचारलं नाय. तू नुसतं बोलला."

गोटीरामने मान हलवली. गाडी भरलेली असली की फाट्यावर थांबायची नाही. लांबून हात करणारी माणसं दिसली की कंडक्टर दोनदा दोरी ओढतो आणि ड्रायव्हर गाडी पुढे काढतो. त्याने स्वतः किती फाट्यांवर अशी दोरी ओढली होती. मागच्या काचेतून ती माणसं धुळीत लहान होत जायची आणि हात बराच वेळ वर राहायचा. त्यांच्यात कोण कुणाची वाट पाहत असेल, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आता त्या धुळीत त्याला आपला भाऊ उभा दिसला.

डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. पाऊल चुकलं, पातेलं डचमळलं आणि खिचडी पहिल्यांदाच काठावरून सांडली.

"थांब," कारभारी म्हणाला. "हात बदलू."

त्यांनी पातेलं सावलीत खाली ठेवलं. कारभारी फिरून पलीकडे गेला आणि त्याने उतारावरची, जड बाजू स्वतःकडे घेतली. गोटीराम डोळे पुसेपर्यंत तो कडं धरून वाकून थांबून राहिला.

"झालं तुझं?" त्याने विचारलं.

गोटीराम हो म्हणाला. मग दोघांनी एकदमच पातेलं उचललं.