मी तीस मीटर म्हणालो होतो

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. टेकडीखालचा बोगदा, जमिनीपासून पन्नास मीटर खोल. ड्रिल काळ्या खडकात शिरलं आणि पाणी फुटलं. आठ माणसं धावत बाहेर आली. नववा आला नाही.

मी त्या टेकडीवर फिरलेलं चुंबकमापक यंत्र बोलतोय. एक काठी आणि टोकाला डबीएवढा सेन्सर. काळ्या खडकात लोहाचा अंश असतो. तो जमिनीत कितीही दडून बसला तरी माझा आकडा उसळतो. उसळी अरुंद असली तर खडक उथळ, पसरट असली तर खोल. माझी विद्या एवढीच.

सर्वेवाली बाई मला हाताळायची. तिचे मामा बोगद्यात ड्रिल चालवत. डबा खायला ते वर आले की ती ओरडायची, "मामा, लांब! तुमच्या पट्ट्याचं बक्कल लोखंडी आहे!"

"बघा, भाचीनं मला वाळीत टाकलं!" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे.

टेकडीवर आखलेल्या चौदाव्या रेघेवर माझा आकडा सुईसारखा वर गेला. बाईनं गणित मांडलं. उभा खडक, माथा तीस मीटरवर. अशा खडकाच्या कडा भेगाळलेल्या, भेगांत पाणी. बोगदा थेट त्यात घुसणार होता.

प्रकल्पाच्या साहेबांना आलेख आवडला नाही. "किती ओबडधोबड! वरच्यांना असलं दाखवायचं? जरा गुळगुळीत करा."

"साहेब, टोक घासलं की उसळी पसरट होईल. खडक सत्तर मीटरवर, बोगद्याच्याही खाली दिसेल."

"बाई, आपण रेघ घासली म्हणून खडक जागचा हलतो का?"

"नाही हलत. तेच सांगतेय."

बाईनं सही केली नाही. अहवाल तिच्या सहीविनाच गेला. त्यात सत्तर लिहिलं होतं.

सोमवारी तिनं मला पुन्हा चौदाव्या रेघेवर नेलं. पुन्हा तीच सुई. संध्याकाळी तिनं मामांना फाटकाशी गाठलं.

"उद्या आत जाऊ नका."

"बये, कागद सत्तर म्हणतोय."

"काठी तीस म्हणतेय, मामा!"

"मग काठीला साहेबाकडे पाठव. मी थांबलो तर मला कायमचं घरी बसवतील." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि ते हसत निघून गेले.

नववा माणूस म्हणजे तेच.

आता मी गोदामाच्या कपाटात आहे. चौकशी समितीच्या सात बैठका झाल्या. मला एकदाही कोणी सुरू केलं नाही. बाई दर वेळी दाराबाहेर उभी राहते, तिला आत बोलावत नाहीत. एकदा तरी बटण दाबा, सगळं माझ्या पोटात आहे.

समितीला सांगितलंय की यंत्र बिघडलं होतं. माझ्या गळ्यात तशी चिठ्ठी बांधली आहे: "नादुरुस्त, वापरू नये." तारीख सोमवारची, वेळ सकाळी दहाची.

सोमवारी सकाळी दहा ते दुपारी चार मी टेकडीवर होतो. एकशे ब्याऐंशी नोंदी घेतल्या, प्रत्येकीवर वेळ आहे. चिठ्ठीखाली सही नाही.