वजा केलेले दोन किलो

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवला की भलीभली माणसं श्वास रोखून धरतात, जणू त्यानं वजन कमीच भरणार आहे! मी दवाखान्यातला म्हातारा वजनकाटा. उभा खांब, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं काळं वजन.

आमची सिस्टर रोज सकाळी मला ओल्या फडक्यानं पुसायची. मोठ्या मायेची बाई, पण तिला एक खोड होती. रांगेतले लोक माना उंच करून आकडा वाचायचे आणि एखादी बाई अंगानं भरलेली असली की फिदीफिदी हसायचे. ती बिचारी लाजेनं अर्धी व्हायची. मग सिस्टर मोठ्यानं म्हणायची, "यातले दोन किलो कपड्यांचे हं," आणि कागदावर दोन कमी लिहायची. बायका तिच्यावर जीव टाकत. मला मात्र ते खटकायचं. मी खरं सांगायचो आणि कागद खोटं बोलायचा.

पुढे आकडे उजळणारा नवा काटा आला आणि मी दाराआड गेलो. माझ्या दांडीला छत्र्या लटकू लागल्या. पुसणं तर सोडाच, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. फार वाईट वाटायचं.

एके दिवशी नव्या काट्याचा सेल संपला आणि मला बाहेर ओढलं. त्या दिवशी कर्मचाऱ्यांची तपासणी होती. नव्या डॉक्टरबाई सिस्टरचा कागद वाचत होत्या.

"पहिली पाळी अकराव्या वर्षी, बंद झाली पंचावन्नाव्या. मूलबाळ नाही. अंगाची लाही होते म्हणून चार वर्षं हार्मोनच्या गोळ्या. आणि वजन अठ्ठावन्न?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सिस्टर, हे कधीचं?"

"असेल... लग्नातलं," सिस्टर ओशाळली. जगाची वजनं करणारी ती, स्वतःचं दरवर्षी आठवणीतलंच लिहायची!

तिनं चपला काढल्या, घड्याळ काढलं, श्वास रोखला. काळं वजन सरकत सरकत एकोणऐंशीवर थांबलं.

"दोन कपड्यांचे," ती पुटपुटली.

"धरा. तरी अठ्ठावन्नच्या वर एकोणीस उरतात," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "पाळी गेल्यावर अंगातली चरबीच इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवत राहते. त्यात या गोळ्या. स्तनाच्या कॅन्सरचा धोका यानं वाढतो. पाळी लवकर आली, उशिरा गेली, हे तुमच्या हातात नव्हतं. वजन आणि गोळ्यांचं मात्र आपण बघू शकतो. छातीची तपासणी कधी केली होतीत?"

"वेळच मिळाला नाही हो." सिस्टरनं चपला पायात सरकवल्या.

त्याच आठवड्यात मॅमोग्राफी झाली. वाटाण्याएवढी गाठ निघाली, हाताला न लागणारी. पुढच्या तपासणीत तो कॅन्सरच निघाला. सिस्टर माझ्या खांबाला धरून ढसाढसा रडली. "माझ्या वजनामुळेच झालं ना हे?"

"तसं कुणीच सांगू शकत नाही. बारीक बायकांनाही होतो हा आजार. लवकर सापडलाय, एवढं धरून ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. गोळ्या बंद झाल्या, गाठ काढली, उपचार लांबले. दाराआडून मी रोज तिची वाट पाहत होतो. फडक्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

सात महिन्यांनी ती आली. केस नुकतेच उगवलेले, चाल मंद. आल्या आल्या तिनं छत्र्या काढल्या, मला पुसलं आणि रांगेपुढे नेऊन माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. आता आकडा फक्त उभ्या राहणाऱ्या बाईला आणि सिस्टरला दिसतो.

पहिलीच बाई म्हणाली, "सिस्टर, दोन कमी लिहा ना."

"नाही हं बाई. आहे तेवढंच लिहिणार. आणि चला, बसून बोलू जरा."

मित्रांनो, घरी आईला, मावशीला, आत्याला विचारा, तू तुझी तपासणी कधी केलीस? ती काट्यावर उभी राहिली, तर मागून डोकावून हसू नका. असल्या हसण्यापायीच माझी सिस्टर इतकी वर्षं दोन किलो वजा करत आली होती.