रुख्माबाईंचं लिव्हर

रुख्माबाईंनी जन्मात जेवढी दारू हाताळली, तेवढी एखाद्या पट्टीच्या पिणाऱ्यानंही हाताळली नसेल. फरक एवढाच, की त्यांनी ती सगळी जमिनीवर ओतली. दारूबंदी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात आहे. आंजीच्या पलीकडच्या त्यांच्या खेड्यात ती त्यांच्या काठीच्या धाकानं होती. मागच्याच आठवड्यात बायकांचा घोळका घेऊन त्या शेजारच्या ऑटोवाल्या अंकुशच्या वाडीत शिरल्या आणि दारूसाठी कुजत घातलेल्या मोहाच्या सडव्याची मडकी एकेक करून फोडून आल्या. अंकुश बाजूला उभा राहून नुसता "काकू, अवं काकू" करत होता.

त्याच रुख्माबाई आज सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसल्या आणि भडाभडा रक्त ओकल्या.

सून अपेक्षा धावत बाहेर आली. तिचा नवरा गोपाल पहाटेच कापसाची गाडी घेऊन हिंगणघाटला गेलेला. तिची किंकाळी ऐकून जो पहिला पळत आला तो नेमका अंकुश. त्यानं एक शब्द न विचारता रुख्माबाईंना उचललं, आपल्या ऑटोत निजवलं आणि ऑटो सेवाग्रामच्या दवाखान्याच्या रस्त्याला लावला.

सासूचं डोकं मांडीवर घेऊन अपेक्षा बसली होती. लग्न होऊन आली तेव्हा ती या बाईला चळचळा कापायची. भाजीत मीठ जास्त पडलं तरी हिचा आवाज चार घरं ऐकू जायचा. आज मात्र त्या तोंडातून आवाज निघत नव्हता, आणि हात थंड पडले होते. ही बाई गेली तर घरात आपल्याला रागवायला कोणी उरणार नाही, या विचारानं तिला रडू फुटलं.

दवाखान्यात लगेच दोन्ही हातांना सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. समीक्षा नावाची तरुण डॉक्टरीण पोट तपासत होती. तिनं अपेक्षाला विचारलं, "दारू वगैरे घेतात का या?"

मघापासून मिटलेले डोळे खाडकन उघडले. "कोन म्हनते?" रुख्माबाई म्हणाल्या.

"आजी, आम्ही सगळ्यांनाच विचारतो. लिव्हरचं दुखणं आहे असं आधी कुणी सांगितलं होतं का?"

आता मात्र रुख्माबाईंनी तोंड फिरवलं. हळूच म्हणाल्या, "मागच्या साली सांगतलं होतं वर्ध्याच्या डॉक्टरनं. नळी टाकून पाहा लागते म्हने. म्या कोनाले सांगतलं नाई."

"मले तं गॅस म्हनलं तुमी!" अपेक्षा जवळजवळ ओरडलीच. "काऊन लपवलं, आई?"

"लिव्हर मंजे दारुड्याईचा रोग, बाई. लोकं काय म्हनतीन? दिवसा मडके फोडते अन् राती..."

डॉक्टरीण हसली नाही, हे अपेक्षाला फार बरं वाटलं. तिनं नीट समजावलं. "हे दारूनं नाही झालेलं, आजी. तुमची शुगर जुनी आहे, त्यात लिव्हरवर चरबी चढली आणि ते दगडासारखं झालं. पाटाचं दार बंद झालं की पाणी शेताचा धुरा-बांध फोडून निघतं ना? तसं लिव्हरमधून वाट मिळेना म्हणून रक्त अन्ननळीच्या शिरांत तुंबलं. त्या फुगल्या, त्यातली एक फुटली. तोंडातून दुर्बीण घालून तिला रबराच्या बारीक रिंगा बांधतो. एक पिशवी रक्त मात्र आत्ता लागेल."

पिशवी रक्तपेढीनं ताबडतोब दिली, बदल्यात कुणीतरी रक्त द्या म्हणाले. अपेक्षानं हात पुढे केला, तर तिचंच रक्त कमी निघालं. तेव्हा दाराशी घुटमळणारा अंकुश म्हणाला, "वहिनी, मायं घेतीन का?"

अपेक्षानं कपाळाला हात लावला. या दारुड्याचं रक्त कोण घेणार? रक्तपेढीतल्या माणसानंही पहिला प्रश्न तोच विचारला, "दारू कधी घेतली होती?"

"कुठची दारू, साहेब?" अंकुश रडवेल्या आवाजात म्हणाला. "काकूनं मडके फोडले तवापासून एक थेंब नाई भेटला."

"कोण काकू?"

"तेच. जिले रगत पायजे ते."

रक्तपेढीतला माणूस आधी त्याच्याकडे बघतच राहिला आणि मग एवढा हसला की त्याला सुई खाली ठेवावी लागली. बाकीच्या तपासण्या चोख निघाल्या. अंकुशनं तोंड दुसरीकडे करून रक्त दिलं.

मग वाट बघणं आलं. हिंगणघाटहून धापा टाकत गोपालही पोचला. बंद दारासमोर तिघं बसले. एकदाची डॉक्टरीण बाहेर आली. "रिंगा बांधल्या. रक्त थांबलंय. दोन-चार दिवस लक्ष ठेवावं लागेल, पण सध्या ठीक आहेत." गोपालनं डॉक्टरिणीला हात जोडले. अपेक्षा रडली, आणि रडता रडता तिला सकाळपासून पहिल्यांदा तहान लागल्याचं कळलं.

दोन दिवस बरे गेले. पुन्हा रक्त आलं नाही. रुख्माबाईंना वॉर्डात आणलं, थंड दूध आणि पातळ खिचडी सुरू झाली. काही आठवड्यांनी परत येऊन उरलेल्या शिरांना रिंगा बांधायच्या, मीठ कमी, लोणचं बंद, गोळ्या चुकवायच्या नाहीत. हे सगळं त्यांनी निमूट ऐकून घेतलं, आणि नेमकं हेच अपेक्षाला खटकत होतं. आवाजात जीव नव्हता. कशावर रागवत नव्हत्या.

दुपारी अंकुश भेटायला आला. त्यानं रक्त दिल्याचं अपेक्षानं सांगितलं, त्याचा तो रक्तपेढीतला जबाबही सांगितला. रुख्माबाईंनी त्याचा हात ओढून कोपराजवळचा सुईचा डाग अंगठ्यानं चाचपला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अंकुश्या, आता मायाच्यानं काठी नाई उचलत. मडकं फोडाले मी काई येत नाई."

अंकुशलाही भरून आलं. तो म्हणाला, "तुमच्या गळ्याची आन, काकू, खोटं नाई बोलत. सगळ्यात मोठं मडकं रायलंच हाय. कडब्याच्या गंजीत होतं, तुमाले दिसलंच नाई. आजून पिकलं नाई, नाईतं म्या बी कोरडा थोडीच रायलो असतो?"

सलाईनची नळी ताणत रुख्माबाई अर्ध्या उठून बसल्या. "मेल्या! घरी जाय अन् तुयाच हातानं फोडजो! नाई फोडलं तं ह्या नळ्या घेऊन येतो का नाई पाय!"

पलीकडच्या खाटांवरचे लोक दचकून पाहू लागले. नर्स धावत आली, म्हणाली, "आजी, ओरडू नका." अपेक्षा पदरात तोंड खुपसून हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती. हा आवाज चार घरं नक्की ऐकू गेला असता.