नारळाची कावीळ

नाशिक रोडला आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीखाली सकाळी सातपासून पिवळ्या डोळ्यांची रांग लागायची. खुर्चीत माळवाले महाराज. ओल्या हिरव्या काड्या दोऱ्यात गाठी मारून गुंफलेल्या; तो मुकुट ते एकेकाच्या डोक्यावर घट्ट बसवायचे.

"माळ लांबती तशी कावीळ उतरती. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पायात. व्हायरसचे हजारो किडे ही माळ वढून घेती. मधी डॉक्टर केला तर गुण गेला, मग मला बोलायचं नाय."

आणि माळ खरंच लांबायची. लोक हात जोडायचे.

शेजारच्या नवसाबाईंची सून ललिता सात महिन्यांची गरोदर. तिच्याही डोक्यावर माळ चढली.

"मावशी, गरोदर बाईची कावीळ जिवावर बेतते. दवाखान्यात न्या," मी म्हणालो.

"तुम्ही तुमच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापा, भाऊ. आमचं आम्हाला कळतंय."

मी चिडलो. रांगेत उभा राहून एक माळ आणली आणि घरी नारळावर बसवली.

तिसऱ्या दिवशी ललिताची माळ गळ्यात उतरली. नवसाबाईंनी पेढे वाटले. ललिता उलट्या करत होती. चौथ्या सकाळी ती नवऱ्याला ओळखेना. त्याच सकाळी माझ्या नारळावरची माळ सुटून टेबलावर पडली होती.

मी नारळ आणि माळ दोन्ही घेऊन टाकीकडे धावलो. महाराज खुर्चीत, आणि नवसाबाई ललिताला धरून त्यांच्यापुढे बसलेल्या.

"याचीही उतरली, मावशी. नारळाचे डोळे कधी पिवळे झाले होते?"

"नारळात देव राहतो. त्यानं वढली," महाराज म्हणाले.

"मग देवालाच कावीळ होती म्हणा."

नवसाबाईंनी माळ चाचपली. काड्या वाळून आकसलेल्या, गाठी सैल, तेवढाच दोरा लांबलेला.

"आन किडे?" त्यांनी मला विचारलं.

"किडा नाहीच तो. तोंड नाही, पाय नाहीत, खात नाही. प्रथिनाच्या कवचात एक बारीक साखळी, आणि तिच्यावर स्वतःची नक्कल कशी काढायची एवढाच मजकूर. नुसता मजकूर आपोआप छापला जातो का? मशीन लागतं, कागद लागतो. तो यकृताच्या पेशीत घुसतो, कवच टाकतो, आणि पेशी तिचं काम सोडून त्याच्याच प्रती काढत बसते. त्या बाहेर पडून शेजारच्या पेशीत घुसतात. हिच्या पोटात छपाई चालू आहे, आणि तुम्ही गळ्यातला दोरा मोजताय."

नवसाबाईंनी सुनेच्या गळ्यातली माळ ओढून तोडली. "रिक्षा आणा," एवढंच म्हणाल्या.

ललिता वाचली. बाळ गेलं.

रांगेतले बाकीचे बहुतेक बरे झाले. घाण पाण्यातून येणारी ही कावीळ बहुतेकांची बरी होतेच. शरीर त्या व्हायरसला ओळखून निपटून काढतं. श्रेय महाराजांनी नेलं.

आणि मी? मला वाद जिंकायचा होता. नारळावरची माळ पडायची वाट बघत मी चार दिवस बसलो. महाराजांपेक्षा माझी मला जास्त चीड येते.

म्हणून सांगतो. पाणी उकळून प्या. डोळे पिवळे दिसले की रक्त तपासा. बाई गरोदर असेल तर तासभरही थांबू नका. पुरावा हवाच असेल तर माळ जरूर आणा, नारळावर घाला आणि खुशाल बघत बसा. पण तोवर माणूस दवाखान्यात पोचलेला असू द्या.