फोनमधली ठमी

ठमीच्या आईने ‘झोप’ लिहिलेल्या निळ्या बटणावर बोट ठेवलं आणि श्वास रोखून धरला. एरवी पडद्यावरची ती इवलीशी मुलगी लगेच पलंगाकडे चालू लागायची. आज ती खिडकीपाशी उभी होती, ती तशीच उभी राहिली. बटण पुन्हा दाबलं. मुलीने मानसुद्धा वळवली नाही. तिच्या डोक्यावर एक राखाडी ढग उगवला आणि खाली अक्षरं आली : ‘आपली कलाकार उत्तर देत नाही.’

“अगं बाई,” असं म्हणत ठमीची आई खुर्चीतून अर्धवट उठली.

सकाळपासून उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची गर्दी ओसरली होती. लॅबमध्ये ती आणि रिसेप्शनवरची मुलगी, दोघीच होत्या.

“काय झालं, ताई?”

“ही बघ ना. झोप म्हटलं तर झोपत नाही.”

रिसेप्शनवरच्या मुलीने रिपोर्ट पाकिटात घालता घालता मान लांब करून पाहिलं. “मरू द्या हो. नवीन घ्या. मी माझा दोनदा बदलला.”

ठमीच्या आईच्या हातातून फोन निसटता निसटता राहिला.

हा गेम मुळात त्या मुलीचाच. दुपारी काम नसलं की ती फोनमधल्या एका गिटारवाल्याला गल्लीतून उचलून मोठमोठ्या मैदानांवर नेऊन उभं करायची. “सोपं असतं, ताई. कलाकार निवडायचा, रियाज करून घ्यायचा, कार्यक्रम लावायचे, मोठा करायचा.” ठमीची आई आधी हसली होती. पण तिची स्वतःची मुलगी लांबच्या शहरात एका बँडबरोबर गायला गेली होती, आणि पहिल्या वर्षी फोनवर तास तास बोलणारी ठमी आता “बरं चाललंय गं” एवढ्यावर आटोपतं घेत होती. वडील गेल्यापासून त्या दोघींना तिसरं कोणी नव्हतं. गाणारी माणसं दिवसभर करतात काय, त्यांना काय लागतं, काय खुपतं, हे ह्यातून थोडंतरी कळेल असं आईला वाटलं. तिने गेम घेतला, एक गायिका निवडली आणि नावाच्या चौकटीत बेधडक ‘ठमी’ लिहून टाकलं.

सुरुवातीला तिला गोडीच लागली. रियाज म्हटलं की ही मुलगी रियाज करायची, आणि आवाजाची हिरवी पट्टी डोळ्यांदेखत वर सरकायची. जेव म्हटलं की जेवायची. खऱ्या ठमीने जन्मात कधी एवढं ऐकलं नव्हतं. केलेली मेहनत अशी लगेच समोर दिसते, वाया जात नाही, हे बघून ठमीच्या आईला फार बरं वाटायचं.

मग तिने मोठ्या हौसेने पहिला कार्यक्रम लावला. बस चुकली. माइक बिघडला. समोरच्या चिमुकल्या माणसांनी तोंडं फिरवली. घरी आल्यावर फोनमधली ठमी पलंगाच्या कडेला पाठ करून बसली आणि मनाची पट्टी लाल होऊन धडधडू लागली. आपलं काय चुकलं ते गेम सांगत नव्हता. रियाज भरपूर होता, झोप पुरेशी होती, तरी त्याने आपल्या मनाला येईल तसं दान टाकलं होतं. दिवसभर लोकांच्या दंडाला रबरी पट्टी बांधून, “तिकडे बघा, काही होत नाही,” म्हणत सुई टोचणाऱ्या त्या बाईला भर दुपारी घाम फुटला. तिने घाईघाईने मुलीला झोपवलं, आणि त्यानंतर ‘कार्यक्रम’च्या बटणाला बोट लावलं नाही. रियाज, जेवण, झोप. पुन्हा रियाज, जेवण, झोप. गेम कुरकुरत राहिला, तोही कुठल्याशा मोडक्यातोडक्या मराठीत : ‘आपले चाहते वाट पाहणे कंटाळले.’ ‘आपले नाव विसरणे होत आहे.’ होऊ दे, ती म्हणायची. जिवाला तर काही नाही ना.

आणि एखादी पट्टी जराशी पिवळी झाली, की ती खऱ्या ठमीला फोन लावायची.

“जेवलीस का? झोप होते ना? घसा कसा आहे?”

“आई, तू रोज हेच तीन प्रश्न का विचारतेस?”

आज ढग दिसल्यावरही तिने फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. संध्याकाळपर्यंत लावत राहिली. पाठवलेल्या मेसेजपुढे एकच बारीक खूण येऊन थांबली, पोचल्याची दुसरी येईना. फोनमधल्या ढगाचा आणि ठमीचा फोन बंद असण्याचा काही संबंध नाही, हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती सकाळच्या बसने निघाली. वाटेत उलट दिशेने एक अँब्युलन्स गेली, तर वळून वळून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. शेजारच्या बाईने विचारलं, “कोणी ओळखीचं आहे का?” “नाही,” म्हणत तिने पुन्हा एकदा मागे पाहिलं. फोन तिने मांडीवर पालथा ठेवला होता. सुलटा केला तर खिडकीपाशी ती उभी असणार, पाठीवर एक वेणी, हालचाल नाही.

ठमीची इमारत जुनी, जिन्यात ओल्या कपड्यांचा वास. वरच्या मजल्यावरच्या दाराला कुलूप होतं. समोरचं दार उघडून एक बाई केराची बादली बाहेर ठेवत होती.

“इथे गाणारी मुलगी राहते ना?”

“गाणारी?” बाई थांबली. “नाही हो. इथे राहते ती गाद्यांच्या दुकानात कामाला जाते. भिंतीला भिंत आहे आमची. गाणं काय, कधी गुणगुणतानासुद्धा ऐकली नाही.”

बाईने दार लावून घेतलं. ठमीची आई कठड्याला धरून पायरीवर बसली. पत्ता चुकला असेल, तर ठमी कुठे आहे? आणि पत्ता बरोबर असेल, तर गात नाही ती ही मुलगी कोण? खालून पावलं वाजली की ती मान वर करायची. कुणी दुसऱ्या मजल्यावर वळायचं, कुणी तिसऱ्या.

शेवटी एक पाऊल वर आलं. अंगात पिवळा टी-शर्ट, छातीवर गाद्यांच्या दुकानाचं नाव आणि झोपलेल्या मेंढीचं चित्र.

“आई?” ठमीचा चेहरा पांढराफटक पडला. “काय झालं? तू बरी आहेस ना?”

“काही नाही गं. तुझा फोन...”

“पाण्याच्या बादलीत पडला. सुकायला तांदळात घालून ठेवलाय.” तिने जिन्याच्या भिंतीला पाठ टेकली. “देवा. केवढं घाबरवलंस.”

खोलीत गेल्यावर आईने आधी तिचं मनगट हातात घेतलं, मग अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

“रक्त आहे अंगात,” ती म्हणाली. मग तो टी-शर्ट दिसलाच नाही अशा आवाजात तिने विचारलं, “बँडचं काय चाललंय?”

ठमीने चहाचं आधण ठेवलं. पाठ फिरवूनच बोलली.

“सोडला. बरेच महिने झाले.”

“का?”

“एकदा उभी राहिले आणि शब्दच आले नाहीत. ते वाजवत राहिले आणि मी नुसती उभी. पुढच्या वेळी मला स्टेजची पायरीच चढवेना.” तिने साखरेचा डबा उघडला, झाकण हातातच राहिलं. “दुकानात बरं असतं. येतात ते सगळे आडवे होऊन बघतात. माझ्याकडे कोणी बघत नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू घाबरली असतीस.”

“मी कशाला घाबरेन?” आई म्हणाली. तिने ठमीचं मनगट पुन्हा हातात घेतलं.

चहा झाल्यावर ठमीने उद्या येत नाही म्हणून दुकानात कळवायला आईचा फोन मागितला. पडदा उजळला, आणि ती नंबर लावायचं विसरून बघतच राहिली.

“हे काय? ठमी?” तिला हसू फुटलं. “आई, गायिकेचं नाव ठमी? पोस्टरवर ठमी लिहायचं?”

“दे इकडे.”

ठमी अंग चोरून वळली. तिचं बोट पडद्यावर सरकलं, थांबलं, परत मागे गेलं. हसू हळूहळू मावळलं.

“ह्यात सहा वर्षं झालीयेत.”

“तिथे वर्षं पटापट जातात.”

“सहा वर्षांत एकच कार्यक्रम?” ठमीने पुढचं पान उघडलं. “आवाज पूर्ण भरलेला. तब्येत पूर्ण भरलेली. नाव काहीच नाही. सहा वर्षं नुसती जेवतेय आणि झोपतेय ही.”

“एकदा पाठवली होती,” आई म्हणाली. “मग पाठ करून बसली. मला नाही बघवलं. आता कालपासून उत्तरच देत नाही. काहीतरी दुखतंय तिला. कुठे, ते दाखवत नाहीत.”

ठमी त्या ढगाकडे बघत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

“ही आजारी नाही, आई. कंटाळलीये.”

“कशावरून?”

टी-शर्टची कड ठमी बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. मग तिने फोन आईसमोर धरला. ‘कार्यक्रम’ची यादी उघडली होती.

“दाब.”

“नको गं.”

“मग राहील तशीच खिडकीशी.”

आईने यादी खालपर्यंत ओढली आणि सगळ्यात लहान जागा शोधली. कॉफीचं दुकान, थोडीशी टेबलं. तिथे बोट टेकवताना तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ढग गेला होता आणि ती मुलगी बूट शोधत पलंगाखाली वाकली होती.

कार्यक्रम काही छान झाला नाही. माइकने शिट्टी मारली. एका टेबलावरची माणसं बोलायची थांबली नाहीत. एक जण उठून गेला, तसा आईने ठमीचा दंड घट्ट पकडला. मनाची पट्टी हिरवी होती, ती पिवळी झाली, आणि पिवळी सरकत सरकत लालच्या काठाला आली.

“बंद कर. बंद कर ना.”

“थांब,” ठमी म्हणाली. ती फोनवर इतकी वाकली होती की तिचा श्वास काचेवर उमटत होता. “गाणं संपलेलं नाही.”

शेवटी कोपऱ्यातल्या एका टेबलाने टाळ्या वाजवल्या. फोनमधली ठमी घरी आली, बूट भिरकावले, पाणी प्यायली आणि स्वतःहून पलंगावर आडवी झाली.

“कडेला नाही बसली,” आई कुजबुजली.

“नाही बसली.”

“पुढच्या वेळी बसेल?”

“बसेलही.”

आईने मान हलवली. थोडंसं टोचेल म्हटल्यावर तिच्यासमोरची माणसं हलवतात, तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसला ठमी तिला सोडायला आली. पाण्याची बाटली घेऊन दिली, खिडकीची जागा मिळवून दिली, आणि खाली उतरून बसच्या कडेला उभी राहिली. बोलताना ती आईकडे नाही, चाकाकडे बघत होती.

“बँडमधला ड्रमवाला अजून विचारतो मधूनमधून. रविवारी आहे त्यांचं कुठेतरी. दोनच गाणी म्हण, म्हणतो.” तिने चपलेने जमीन उकरली. “जाऊ का?”

ठमीच्या आईला ती जागा लख्ख दिसली. पायरी, उजेड, समोरची अनोळखी तोंडं, आणि मध्ये तिची मुलगी, शब्द हरवलेली. ‘आधी तब्येत सांभाळ’ हे तिच्या जिभेवर होतं. ‘इतकी काय घाई आहे’ हेही होतं. ‘चल घरी’ हे तर केव्हापासून होतं. कंडक्टरने दार ओढलं.

“जा,” ती म्हणाली.

त्याच क्षणी इंजिन सुरू झालं. ठमीने कानामागे हात धरला.

“काय?”

कुणीच काही ऐकलं नव्हतं. आता दुसरं काहीही म्हणता आलं असतं. ठमीच्या आईने खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला, आणि बसमधल्या सगळ्यांनी वळून बघावं एवढ्या मोठ्याने ओरडली,

“जा म्हटलं!”